पोरगीनं परीक्षा 'दिली' की 'टेक' केली?

शिकवणीवाला, राजारामपुरी
अकरा वर्षं इंग्रजीची शिकवणी घेतोय. परवा एक जुनी विद्यार्थिनी मुलाखतीहून तोंड पाडून आली. 'आय गेव्ह माय एक्झाम इन मार्च' म्हणाली, तर समोरचे साहेब हसून म्हणाले, 'कुणाला दिलीस?' आपल्याकडं पोर परीक्षा देतं, मास्तर घेतो. इंग्रजीत पोरच 'टेक' करतं, सगळा व्यवहारच उलटा. माझं म्हणणं, 'टेक म्हणजे घेणे' हे समीकरण पोरांच्या डोक्यातनं काढा. आपण औषध घेतो, पण फोटो काढतो, पोराला दवाखान्यात नेतो, कामाला वेळ लागतो. तिकडं चारी ठिकाणी टेकच.

रंकाळ्याचा वारा
सर, लई कडक. देशभर लोक 'गेव्ह' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं. आणि 'टेक' तरी इंग्रजांचा कुठला? त्यांचं जुनं क्रियापद 'निमन', जर्मन 'नेमन'चं भावंड. व्हायकिंग आले, त्यांचं 'टाका' आलं (आपला नव्हे, शिवायचा!) आणि त्यानं निमनला घराबाहेर काढलं. बधिर अशा अर्थाचा 'नम' त्याची खूण म्हणून राहिला. ज्यांनी 'घेणं'च उसनं घेतलं, त्यांनी आमच्या 'देण्या'ला हसायचं?

शिकवणीवाला
त्याला शेकडो वर्षं लागली, भावा. पोरीची पुढची मुलाखत सोमवारी आहे.

मिरजकर तिकटीची मावशी
इंग्रजीचं तुम्ही बघा, मला मराठीची काळजी. भाचा पुण्याहून आला, म्हणतो, 'स्टँडवरनं रिक्षा घेतली.' आमच्या आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकली. 'आं? कितीला पडली? पेढं कुठायत?' रिक्षा *करतात* रे बाबांनो! घेतली म्हणजे कर्ज आलं, पासिंग आलं. भाकरी करपली ते वेगळंच.

रंकाळ्याचा वारा
😂 नाद खुळा मावशी.

मागचा बाक
सर, एक शंका. तुम्ही 'शिकवणी घेता'. इंग्रजीत मास्तरही क्लास 'टेक' करतो आणि पोरगंही. मग घेणारा कोण, देणारा कोण, हे पोरांनी कशावरनं ओळखायचं? आणि तुम्ही म्हणता मराठी बाजूला ठेवा, पण ब्रिटिश लोक परीक्षेला चक्क 'सिट' म्हणतात. आपणही परीक्षेला बसतोच की! इथं मराठीच कामाला आली. त्या पोरीला 'आय सॅट द एक्झाम' शिकवला असता, तर साहेबांना हसायला जागाच नव्हती.

शिकवणीवाला
हे मात्र सुचलं नव्हतं. उद्या सकाळच्या बॅचला सांगतो. पण अमेरिकन साहेब भेटला तर 'टेक'च बरा, तिकडं 'सिट' फारसं कुणी म्हणत नाही. आणि वहीत 'गेव्ह' दिसलं की लाल पेन चालणारच.

मिरजकर तिकटीची मावशी
चालवा. 'रिक्षा घेतली'वर पण चालवा.