मदत हवी आहे: मिलानला पावणेतीन तास पुरतील का? (अर्जंट)

नीरफणस
मंडळी, परवा निघायचंय आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात म्हणून विचारतेय. लुझर्नहून सकाळची ट्रेन आहे, मिलानला दुपारी १.३७ ला पोचते, तिथून बार्सिलोनाची फ्लाइट ४.२० ला. नवरा म्हणतो आरामात होतंय, मधल्या वेळात ते मोठं चर्च पण बघून येऊ. माझी झोप उडालीय. पुरेल ना वेळ? फक्त हो की नाही सांगा प्लीज, बाकी सगळं बुक झालंय.

टांगेवाला
कुठला विमानतळ?

नीरफणस
मिलानचा. लिहिलंय की वर.

टांगेवाला
ताई, मिलानचे म्हणून तीन विकतात. लिनाटे शहराला लागून, तिथे मेट्रोची निळी लाइन जाते. माल्पेन्सा साधारण ५० किमी, त्याला ट्रेन आहे. तिसरा बर्गामो, तो मुळात दुसऱ्याच गावाचा. तिकिटावर तीन अक्षरी कोड असेल तो बघा. आणि माणसं किती, बॅगा किती, वार कुठला?

घाटातली_गाडी
१.३७ ला पोचणारी म्हणजे आल्प्सखालच्या गोथार्डच्या नवीन बोगद्यातून जाणारी गाडी. ५७ किमी नुसता अंधार, बघायला काही नाही. मी तर म्हणेन जुन्या घाटमार्गाने जा, वासेन गावाचं पांढरं चर्च तीनदा दिसतं, एकदा वर, एकदा समोर, एकदा खाली, कारण रूळ डोंगराच्या पोटात गोल गोल फिरत चढतात. आपला खंडाळा आठवतो. तासभर जास्त लागतो पण वसूल.

टांगेवाला
म्हणजे विमान चुकेल पण चर्च तीनदा दिसेल.

नीरफणस
कोड बीजीवाय आहे. पण त्याच्या आधी स्पष्ट मिलान लिहिलंय हो! आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई, सासरे. मोठ्या बॅगा तीन. शुक्रवार.

टांगेवाला
बीजीवाय म्हणजे बर्गामो. संपलं. आता हिशोब करा. १.३७ ला गाडी लागली, सासूबाई बॅगांसकट उतरून बाहेर येईपर्यंत दोन वाजले. बस मिलानो सेन्त्राले, म्हणजे मुख्य स्टेशनच्या बाजूच्या चौकातून सुटते, पियात्सा लुइजी दी सावोया. रस्ता मोकळा असला तर ५०-६० मिनिटं, शुक्रवार दुपारी मोकळा असेलच असं नाही. तीन-सव्वातीन. स्वस्तवाल्या कंपन्यांचा बॅगेचा काउंटर बहुतेक ४० मिनिटं आधी बंद होतो म्हणजे ३.४०. म्हणजे सगळं जमून आलं तर हातात २५ ते ४० मिनिटं. माझं उत्तर नाही.

मुक्काम_पोस्ट_म्युनिक
उगाच घाबरवू नका त्यांना. मी याच मार्गाने चारदा गेलोय, एकदाही उशीर नाही. आणि उशीर झालाच तर नियम आहेत युरोपात, तासाच्या वर झाला तर २५ टक्के पैसे परत, दोन तासाच्या वर ५० टक्के.

टांगेवाला
ते ट्रेनच्या तिकिटाचे. विमानाचं तिकीट वेगळं काढलंय ना? मग ट्रेन कितीही लेट होवो, विमानवाला म्हणणार तुमचं तुम्ही बघा.

मुक्काम_पोस्ट_म्युनिक
मी कुठे म्हटलं विमानाचे मिळतात?

कोकणी_वडा
माझा अनुभव. कियासोला, म्हणजे स्विस-इटली बॉर्डरवर, गाडी ४० मिनिटं उभी. वर्दीवाले चढले, आमच्या डब्यात एकाच्या बॅगा उघडायला लावल्या आणि बाकी आम्ही सगळे खिडकीतून बाहेर बघत बसलो, घोषणा होत होती पण इटालियनमधे. पासपोर्ट वरच्या बॅगेत ठेवू नका, हाताशी ठेवा.

सदाफुली_पुणे
आता तर बोटांचे ठसे पण घेतात ना बॉर्डरवर? त्याला दोन तास धरा.

कोकणी_वडा
ते शेंगेनच्या, म्हणजे एकच व्हिसा चालतो त्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेरून आत येताना किंवा बाहेर जाताना. स्वित्झर्लंड, इटली, स्पेन सगळं आतलंच. बॅगा उघडायचं कारण वेगळं, स्विस लोक युरोपियन युनियनच्या कस्टममधे नाहीत. मात्र काही स्वस्त कंपन्या भारतीय पासपोर्ट असला की आतल्या आत जाताना पण कागदपत्र तपासायला काउंटरवर बोलावतात. आम्हाला ऑनलाइन चेकइन करूनही रांगेत उभं केलं होतं, तो वेळ कुणी धरत नाही.

भटकभवानी
शुक्रवार म्हणालात ना, मग संप आहे का बघितलं? इटलीत रेल्वेचे संप बरेचदा शुक्रवारी असतात. आधी जाहीर करावे लागतात, तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर यादी असते, संपाला तिथे ‘शोपेरो’ म्हणतात. संप असला तरी आठवड्याच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल गाड्या चालवाव्याच लागतात, तुमची वेळ नेमकी मधली.

नीरफणस
देवा. बघितलं, संप नाहीये त्या दिवशी. आधीची गाडी घेता येईल का? आमचं तिकीट त्याच गाडीचं आहे, स्वस्तातलं. पास पण आहे.

टांगेवाला
कसला पास??

नीरफणस
स्विस ट्रॅव्हल पास, आठ दिवसांचा. शुक्रवार शेवटचा दिवस.

टांगेवाला
अहो हे आधी सांगायचं! पास कियासोपर्यंत चालतो. मग तुम्ही लुझर्न ते मिलान अख्खं तिकीट कशाला काढलं? असो. ते स्वस्तातलं सोडून द्या. पासवर लुझर्नहून आर्थ-गोल्डाऊ, तिथे झुरिकहून येणारी मिलानची आधीची गाडी धरा. पुढचं कियासो ते मिलान तिकीट आणि सीटचं रिझर्वेशन आजच काढा, बॉर्डर ओलांडणाऱ्या त्या गाड्यांना रिझर्वेशन सक्तीचं असतं.

मुक्काम_पोस्ट_म्युनिक
कियासोला उतरून लोकल धरली तर रिझर्वेशन लागतच नाही. मी असतो तर तेच केलं असतं.

टांगेवाला
तुम्ही एकटे असता. इथे सासूबाई आहेत आणि तीन बॅगा.

सदाफुली_पुणे
नीरफणस, शेंगेन व्हिसाला अपॉइंटमेंट किती दिवसात मिळाली? मुंबईहून केलंत का पुण्याहून? आमचं मे महिन्याचं ठरतंय.

नीरफणस
तिकिटं काढली. दोन तास आधीची गाडी, साडेअकराच्या सुमारास मिलान. सीट्स दोन डब्यात मिळाल्या, सासूबाई माझ्याबरोबर. जुन्या तिकिटाचे पैसे गेले, ते नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये, सध्या तो चर्च बघायला आता दोन तास मिळाले म्हणून खूश आहे. तिथेही बसवतेच त्याला पहिल्या बसमधे. एकच राहिलं, लोणच्याची छोटी बरणी आहे, हँडबॅगमधे चालेल?

कोकणी_वडा
नाही! लोणचं पातळ पदार्थात धरतात, १०० मिलीच्या वरची बरणी असेल तर सिक्युरिटीला काढून घेऊ शकतात, अर्धी भरलेली असली तरी. मोठ्या बॅगेत टाका, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यात. मेतकूट चालतं.

घाटातली_गाडी
आर्थ-गोल्डाऊला गाडी बदलताना मान वर करून बघा, रिगी डोंगराची दात्यांची रेल्वे तिथूनच निघते, ती १८७५ ची आहे.

सदाफुली_पुणे
व्हिसाचं राहिलं.