‘पच्चवेक्खणा’साठी ‘आत्मपरीक्षण’ चालेल काय?

पाऊलवाट:
नमो बुद्धाय, जय भीम. वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, विहारातील मुलांना वाचून दाखवता यावे म्हणून मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातील ६१ वे सुत्त (बुद्धवचन), म्हणजे अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त, मी मराठीत उतरवीत आहे. आरसा कशासाठी असतो, असे भगवान विचारतात, तेव्हा त्यांचा मुलगा राहुल ‘पच्चवेक्खणत्थो, भन्ते’, म्हणजे ‘न्याहाळण्यासाठी’, असे उत्तर देतो. त्यावर, काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, त्याने आपल्याला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का, हे असेच न्याहाळावे, असा उपदेश येतो. याला मी ‘आत्मपरीक्षण’ म्हटले. एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली, की ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी आत्म्यावरील विश्वास अधम्मात घातला असताना तथागतांच्या तोंडी ‘आत्म’ येतोच कसा? ही हरकत मला हलकी वाटत नाही. पर्याय सुचवावेत.

शब्दवेध:
‘प्रत्यवेक्षण’ हा शब्द तयार असताना दुसरा शोधायचे कारण नाही. प्रति, अव आणि ईक्ष्. पुन्हा वळून, खाली नजर टाकून पाहणे. मुलांना शब्द जड जाईल हे खरे, परंतु जड शब्द समजावून सांगणे हेच वाचनाचे काम आहे.

उंबरठा:
असहमत. आत्मचरित्र लिहिणारा आत्म्याचे चरित्र लिहीत नाही आणि आत्मविश्वास असणारा अनात्मवादाविरुद्ध, म्हणजे आत्मा नाही या बौद्ध मताविरुद्ध, जात नाही. मराठीत ‘आत्म’चा अर्थ ‘स्वतः’ इतकाच उरला आहे. शिवाय याच सुत्तात ‘अत्तब्याबाधाय’, म्हणजे ‘आपल्याला पीडा होण्यास’, असा शब्द आहे, म्हणजे ‘अत्त’ मुळातच तेथे आहे. ज्यांना ‘आत्म’ टाळून ‘आपण आपल्याला पाहणे’ असे लिहायचे असेल, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ‘आपण’ हा शब्द प्राकृत ‘अप्पाण’मधून, म्हणजे अखेर ‘आत्मन्’मधूनच आला आहे.

जुनी वही:
व्युत्पत्ती मान्य आहे. माझी अडचण मात्र निराळी आहे. निवडणूक हरलेला पक्ष आत्मपरीक्षण करतो, नापास झालेल्या मुलाला आत्मपरीक्षण करायला सांगतात. हा शब्द नेहमी चूक घडून गेल्यावरच येतो आणि त्यात कोणीतरी गुण देणारा परीक्षक उभा असतो. सुत्तात तर कर्म करण्यापूर्वी पाहणे पहिले आहे. माझी आजी, जिने १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली होती, आम्ही कोणावर ओरडायला तोंड उघडले की इतकेच म्हणत असे, ‘आधी मनाला विचार.’ तिला पाली येत नव्हती, पण ‘आधी’ हा शब्द ती कधी गाळत नसे. मला ‘मनाला विचारणे’ हाच सर्वांत जवळचा पर्याय वाटतो.

शब्दवेध:
‘मनाला विचारणे’ सुंदर आहे, पण त्यात पाहणे हरवते आणि आरसा निरुपयोगी होतो. अशोकाच्या तिसऱ्या स्तंभलेखात ‘पच्चवेक्खणे’चाच धातू आहे. माणूस आपले चांगले कृत्य तेवढे पाहतो, वाईट पाहत नाही, असे सांगून राजा म्हणतो, ‘दुपटिवेखे चु खो एसा’, हे पाहणे फार अवघड आहे. ज्या शब्दाने सम्राटाने स्वतःच्या प्रजेशी बोलावे, तो आपण मुलांपासून का लपवावा? राजस्थानातील बैराटच्या शिलालेखात भिक्खू आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी जी वचने अशोकाने सांगितली, त्यांतही राहुलाला केलेला, असत्य भाषणासंबंधीचा उपदेश आहे.

उंबरठा:
म्हणजे या सुत्ताचा गाभा खोटे न बोलणे हा आहे, आरसा नंतर येतो. सुरुवातीला पाय धुऊन झाल्यावर भगवान भांड्यात थोडे पाणी ठेवतात, ते फेकतात, भांडे उलटे करतात आणि पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवतात. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणत्व, म्हणजे भिक्खूपण, असेच आहे, हे राहुल डोळ्यांनी पाहतो. तेथे कोणता शब्द योजला आहे?

पाऊलवाट:
‘पालथा तांब्या’ असे लिहिले आहे.

जुनी वही:
‘पालथा’ नको. पालथ्या घड्यावर पाणी म्हटले की उपदेश वाया गेल्याचा अर्थ डोक्यात येतो आणि राहुल न ऐकणारा मुलगा ठरतो. ‘उपडा’ लिहावे.

शब्दवेध:
‘उपडा’ चालेल. ‘रिकामा’ऐवजी मात्र ‘रिता’ ठेवावा, कारण पालीतही तेथे ‘रित्तं’ आहे आणि हा शब्द कोणत्याही मुलाला समजावून सांगावा लागणार नाही.

उंबरठा:
‘रिता’ मान्य, पण मग ‘तांब्या’ नको, ‘गडू’ हवा. विहारातल्या मुलांनी पाय धुवायला गडूच पाहिला असेल.