घाणेरी काढली की छाटली?

खडकमाळ:
शेजारच्या धाग्यावर टेकडीवरची घाणेरी, म्हणजे टणटणीची परकी झुडपं, काढायच्या दिवाळीनंतरच्या मोहिमेचे फोटो आलेत. मथळा: ‘शंभर हात, दोन तास, टेकडी घाणेरीमुक्त!’ खाली बदामांचा पाऊस. तिथे लिहून कशाला कुणाच्या आनंदावर विरजण घाला, म्हणून वेगळा धागा.

चौथा फोटो मोठा करून बघा. कोयत्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडलेली खोडं दिसतील. ही टणटणीची छाटणी झाली. बागेत मेंदी छाटतात तशी. जमिनीत ओल आहे तोवर काही आठवड्यांत फुटवे येतील आणि पुढच्या पावसाळ्यात जाळी आत्तापेक्षा दाट होईल. फुटवा येतो तो खोड आणि मूळ जुळतात तिथून. म्हणून घाव त्याच्या खाली बसला पाहिजे, म्हणजे जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात बसवलेली पद्धत हीच. एक जण कोयत्याने बुंध्यापर्यंत वाट करतो, दुसरा पहार तिरकी घालून मुख्य मूळ तोडतो आणि तिसरा अख्खी जाळी उचलून उलटी ठेवतो, मुळं आभाळाकडे. उलटी का? फांदी ओल्या मातीला टेकली की तिथेच मुळं धरते. आणि सगळं मूळ उपटायच्या भानगडीत पडू नका, जितकी माती उकराल तितक्या पुरलेल्या बिया वर येतात.

आता पाचवा फोटो. काळी पिकलेली फळं लगडलेल्या फांद्या पायवाटेने ओढत खाली नेल्यात. पेरणीच की ही! काम करायचं तर जुलैत, माती मऊ असताना, फळं पिकायच्या आत.

मोहीमवाला:
खडकमाळ, लेख छान. आता टेकडीवर या. वरच्या टप्प्यावर माती वीतभर, खाली कातळ. पहार मारली की ठिणग्या उडतात. परवानगीच्या पत्रात ‘खोदकाम करू नये’ असं स्वच्छ लिहिलंय, शिवाय शंभर माणसांत पहारी सहा. जुलैत चिखलाच्या उतारावर शाळकरी पोरं चढवायची का? पन्नास बदाम मिळाले म्हणून पुढच्या वेळी लोक येतील. टोमणे ऐकायला कुणी रविवारी सकाळी सहाला उठत नाही.

पाणलोट:
दोघांनाही विचारतो, सगळा उतार एकदम उघडा करायचा कुणी सांगितलं? समतल रेषेवर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरून पट्टे पाडा. एक पट्टा काढायचा, एक ठेवायचा, आणि काढलेल्यावर गवताने जम धरला की दुसऱ्याला हात लावायचा. फळं नसलेल्या सुक्या फांद्या समतल रेषेत आडव्या रचल्या तर मातीही अडते. ससे, भारद्वाज यांना तोवर आडोसा राहतो. घाणेरी वाईटच आहे हो, पण आज तिथे दुसरं झुडूप उरलेलं नाही.

रानभाजी:
इतकी मेहनत कशाला? गाजरगवतावर मेक्सिकन भुंगा सोडला, तसा हिच्यावर का सोडत नाही? अमेरिकेने पीएल-480 च्या, म्हणजे धान्यमदतीच्या गव्हातून गाजरगवताची घाण पाठवली, औषधही तिकडचंच आणा. गाजरगवतावर तर आपला टाकळा पुरतो. बी फेकलं की गवत दबतं, वर पावसाळ्यात भाजी!

खडकमाळ:
घाणेरीवर किडे सोडून झालेत. टेलिओनेमिया नावाचा ढेकूण 1941 साली देहरादूनला आणला होता. तो सागाच्या फुलांवर बसताना दिसला म्हणून नष्ट केला, तरी थोडे निसटलेच. घाणेरी मात्र जागची हलली नाही. आणि पीएल-480 चा भारताशी पहिला करार ऑगस्ट 1956 चा. पुण्यातली गाजरगवताची नोंद 1955 ची. गव्हाला फाशी देण्याआधी तारखा बघा.

रानभाजी:
1951 मध्ये अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता, तो विसरलात वाटतं. बरं, पीएल-480 मागे घेतो. टाकळा घेणार नाही.

गवत्या:
टाकळ्याचं मागे घ्यावंच लागेल, कारण टेकडीवर ज्याला तुम्ही टाकळा म्हणताय तो बहुतेक टाकळा नाहीच. नोव्हेंबर आहे, शेंगा बघा. टाकळ्याची शेंग वीतभर, बारीक, धनुष्यासारखी वाकलेली. दुसरी आहे तिची शेंग बोटाच्या दोन पेरांएवढी, गाठी पडल्यासारखी, आणि अख्ख्या झाडावर तपकिरी लव. ती सेना युनिफ्लोरा, हीसुद्धा अमेरिकेचीच. गाजरगवत हटवते हे खरं, पण मग स्वतः बसते आणि गुरंही तिला तोंड लावत नाहीत. एक परकी काढून दुसरी आणल्याबद्दल अभिनंदन.

रानभाजी:
लव बघून कोण भाजी खुडतो? बाजारात मिळते ती तर टाकळाच ना?

गवत्या:
बाजारातली टाकळाच. बी गोळा करताना मात्र शेंग बघा. लांब वाकडी असेल तरच पिशवीत. दोन्ही शेजारी शेजारी उगवतात, मुठीने ओरबाडलं की सरमिसळ झालीच.

पाणलोट:
धागा घाणेरीचा होता ना? की आता टाकळ्याच्या वड्या तळायच्या?

गवत्या:
मुद्दा तोच आहे. मोकळ्या जागेवर काय येणार हे तुम्ही ठरवलं नाहीत तर गाजरगवत ठरवेल. याच महिन्यात जवळच्याच माळावरून पवन्या, मारवेल, डोंगरी या गवतांचं बी ओरबाडा. गोणपाटात, कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. ताजं पेरू नका, उगवणार नाही, काही महिने जावे लागतात. जूनच्या आधी शेणमातीत कालवून वरवर फेका, पुरू नका. आणि पहिला पावसाळा तिथे चराई बंद. ती फलक लावून होत नाही. वाडीतल्या गुराख्यांशी आधी बोलून त्यांना दुसरीकडचा गवताचा पट्टा द्यावा लागतो.

खडकमाळ:
आणि खरी मारामारी दुसऱ्या वर्षी. बुलबुल फळ खातो, झाडावर बसतो, खाली बी टाकतो. म्हणून प्रत्येक मोठ्या झाडाखालची रोपं वीतभर असताना उपटायची, पहिल्या पावसाळ्यात दोनदा, पुढची दोन वर्षं निदान एकदा. रविवारच्या गर्दीकडून हे होत नाही. वाडीतल्या बचतगटाला मजुरी देऊन करून घ्या, आणि अर्धे पैसे दुसऱ्या पावसाळ्यानंतर जागा बघून द्या. तोडलेल्या क्षेत्रफळावर पैसे मोजले की तीच जागा दरवर्षी ‘साफ’ होते. नदीतल्या जलपर्णीचं काय चाललंय, बघताच आहात.

मोहीमवाला:
म्हणजे आम्ही फक्त फोटोपुरते. कळलं. मजुरीचे पैसे तुमच्या धाग्यातून येणार का?

खडकमाळ:
शंभर टी-शर्टांच्या पैशांतून.

मोहीमवाला:
हं. टी-शर्ट प्रायोजकाचे होते, पण बघतो विचारून. खालच्या टप्प्यावर माती आहे, तिथे एक पट्टा तुमच्या पद्धतीने करू. खोदकामाचं वनरक्षकांशी तुम्हीच बोला, तुम्हाला फार छान समजावता येतं. वरच्या कातळावर काय करायचं ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.

पाणलोट:
कातळावर भेगेत मूळ असतं. पहार नको, छिन्नी-हातोडा. एका बुंध्याला पंधरा-वीस मिनिटं धरा. नाही जमलं तर फुलं दिसली की छाटत राहा, निदान बी तरी धरणार नाही.

मोहीमवाला:
म्हणजे छाटणीच.

खडकमाळ:
कातळापुरती.