नववीच्या पोराला पीएचडीचा नियम?

विश्रामबागकर:
काल इथं कुणीतरी लिहिलंय की शाळांनी वाङ्मयचौर्याचं धोरण करावं, प्रकल्प सॉफ्टवेअरमधून तपासावेत आणि दहा टक्क्यांवर साम्य निघालं की शून्य गुण. डोकं फिरलं. हे दहा टक्के यूजीसीच्या 2018 च्या नियमांतले, उच्च शिक्षणासाठीचे. तिथं तर 10 ते 40 टक्के साम्य असलं तरी प्रबंध सुधारून द्यायला सहा महिने मिळतात, नोंदणी रद्द होते ती 60 च्या वर. म्हणजे पीएचडीवाल्याला संधी आणि नववीच्या पोराला थेट भोपळा? शिवाय पोरं प्रकल्प हातानं लिहितात. सॉफ्टवेअर काय वहीवर पालथं घालणार?

माणदेशी_मास्तर:
ते लिहिणारा मीच. शाळा दहिवडीकडं. जलसुरक्षेच्या प्रकल्पात 19 पोरांनी लिहिलं, 'आमच्या गावाजवळून कृष्णा नदी वाहते.' अहो, आमच्याकडं माणगंगा! मे महिन्यात तिच्या पात्रात हीच पोरं क्रिकेट खेळतात. दुकानातनं तयार मजकूर आणायचा, आईनं वही सजवायची, पोरानं वर नाव घालायचं. मग धोरण नको तर काय, आरती ओवाळू?

वाईची_सून:
सर, रागावू नका, पण तुम्हा शिक्षकांच्या पाठ टाचणाचं, म्हणजे रोज काय शिकवणार त्या लेखी तयारीचं काय? मी दोन वर्षं तासिकेवर शिकवलंय. निम्म्या स्टाफचं टाचण गेल्या वर्षीच्या वहीतनं, फक्त तारीख बदलून. एकांनी तर 'दिवाळीच्या सुट्टीआधीची उजळणी' जूनमध्ये उतरवली होती. त्यावरही मुख्याध्यापकांची लाल सही!

माणदेशी_मास्तर:
आलं का टाचण मधेच! बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम कोण करतंय? पोषण आहाराचा हिशोब कोण ठेवतंय? ऑनलाइन माहिती तर कायम 'आज दुपारपर्यंत'च हवी असते. टाचणाला रात्रीचे अकरा वाजतात, ताई. उतरवतो. होय, उतरवतो.

तासगावचा_बेदाणा:
टाचणाला किती टक्के साम्य चालतं म्हणे, सर? पोरंपण रात्री अकरालाच उतरवतात की.

माणदेशी_मास्तर:
एक दिवस साठ पोरांच्या वर्गावर उभे राहा, मग दात काढा.

तासगावचा_बेदाणा:
राहिलोय. विनाअनुदानितवर, सहा वर्षं. पगार विचारू नका.

विश्रामबागकर:
टाचण राहू दे बाजूला. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या मावशीकडं गावभागात माळ्यापर्यंत पाणी होतं. माझ्या लेकीनं प्रकल्पात तेच लिहिलं. भिंतीवरची चिखलाची रेघ पट्टीनं मोजून, आजीला विचारून. सरांनी शेरा मारला, 'विषयाला धरून नाही.' मैत्रिणीनं दुकानातलं उतरवलं, तिला अ श्रेणी. आता सांगा, धोरण कुणासाठी करायचं?

माणदेशी_मास्तर:
...त्या सरांचं चुकलं. माझ्याकडं असती तर वर्गात वाचून दाखवलं असतं. बरं, शून्य काढून टाकतो, सॉफ्टवेअरपण. पण तोंडी विचारणारच. ज्याच्या त्याच्या वहीतले दोन प्रश्न. नाही आलं तर आठ दिवसांत पुन्हा लिहून आणायचं. आणि कुठनं घेतलं ते शेवटच्या पानावर लिहायचं, दुकानाचं नाव असलं तरी चालेल.

विश्रामबागकर:
हे कालच लिहिलं असतं तर माझी अर्धी रात्र वाचली असती.

वाईची_सून:
टाचणाच्या शेवटच्या पानावरपण लिहाल ना सर, कुठनं घेतलं ते?

माणदेशी_मास्तर:
लिहितो. 'गेल्या वर्षीची माझीच वही.'