मदत हवी आहे: सेफ्टी बोर्ड लावले की मालकाची जबाबदारी संपते का?

मंडळी, आमच्या वर्कशॉपमधे इमर्जन्सी एक्झिटचा हिरवा बोर्ड रॅकमागे गेलाय, पळणाऱ्या माणसाचं नुसतं डोकं दिसतं, आणि ग्राइंडरजवळचा 'गॉगल घाला' सांगणारा निळा गोल बोर्ड तेलाने इतका काळा पडलाय की नवीन पोरगा विचारत होता हे काय आहे. मालकांना सांगितलं तर म्हणे बोर्ड लावलेत ना, झालं की! आयएसओ ७०१० (सेफ्टी चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे लाल गोल म्हणजे मनाई, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, एवढं मला माहितीये, पण बोर्ड पुसणं, बदलणं, लोकांना अर्थ समजावणं हेही मालकाकडेच येतं ना? आणि ग्राइंडरला गार्डच (चाकावरचं संरक्षक कव्हर) नाही, धोक्याचा त्रिकोण तेवढा चिकटवलाय (कमालच आहे), हे चालतं का? मालकांकडे हे सगळं लेखी मागायचंय, कुणी मसुदा देईल का?