बेदाण्याच्या नोंदी ब्राउझरमध्ये सेव्ह करतोय, त्या टेबलमध्ये दाखवायला काय वापरू? सल्ला द्या

तासगावकर_०७:
नमस्कार मंडळी, आमच्या काकांचं तासगावात बेदाण्याचं काम आहे, कोल्ड स्टोरेजला कुणाचे किती बॉक्स ठेवलेत हे ते वहीत लिहितात. त्यांच्यासाठी एक साधं पेज बनवतोय, फॉर्ममध्ये शेतकऱ्याचं नाव, गाव, रंग (हिरवा, पिवळा, काळा), बॉक्स आणि वजन भरायचं, सेव्ह केलं की खाली टेबलमध्ये सगळ्या नोंदी दिसल्या पाहिजेत. सर्व्हर वगैरे नाही, एकच कॉम्प्युटर, म्हणून लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरची स्वतःची साठवणीची जागा) टाकतोय. पण परत वाचलं की नुसतं 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' येतंय. यासाठी एखादी लायब्ररी घ्यावी का साध्या जावास्क्रिप्टमध्ये भागेल? आणि लोकलस्टोरेजच बरोबर आहे ना?

कृष्णाकाठ:
भावा लायब्ररी अजिबात घेऊ नको, एवढ्या कामाला साधी जावास्क्रिप्ट भरपूर झाली.
लोकलस्टोरेजमध्ये फक्त मजकूर राहतो, ऑब्जेक्ट तसाच दिलास की ब्राउझर त्याचं जबरदस्तीने स्ट्रिंग करतो आणि आतला माल जातो, तो परत मिळत नाही. ठेवताना जेसन डॉट स्ट्रिंगिफाय (ऑब्जेक्टचा मजकूर करतं), काढताना जेसन डॉट पार्स (मजकुराचा परत ऑब्जेक्ट करतं). आधी ती जुनी की (ज्या नावाखाली डेटा ठेवलास ते नाव) रिमूव्हआयटमने काढून टाक, नाहीतर पार्स तिथंच एरर देईल.
आता मुख्य गोष्ट. प्रत्येक शेतकऱ्याला वेगळी की देऊ नको, 'नोंदी' नावाची एकच की ठेव आणि तिच्यात सगळ्या नोंदींचा एक अॅरे, म्हणजे यादी. वेगवेगळ्या की केल्या तर त्या कुठल्या क्रमाने मिळतील ते ब्राउझर ठरवतो, मग टेबल कधी असं कधी तसं. पहिल्यांदा पेज उघडल्यावर की नसतेच, तेव्हा नल (म्हणजे 'काहीच नाही') मिळतं, म्हणून वाचतानाच 'नाहीतर रिकामा अॅरे' असं लिहून ठेव.
मग एकच फंक्शन लिही, समज 'टेबलदाखव'. त्यात टीबॉडी (टेबलमधला रांगांचा भाग) रिप्लेसचिल्ड्रनने रिकामी करायची, अॅरेवर लूप फिरवायचा, प्रत्येक नोंदीला इन्सर्टरो, त्या रांगेत इन्सर्टसेल, आणि सेलमध्ये मजकूर टेक्स्टकंटेंटने. पेज लोड झालं, नोंद वाढली, नोंद काढली, तिन्ही वेळी हेच फंक्शन. टेबलमधली एखादी रांग हाताने बदलत बसलास तर स्टोरेजमध्ये एक आणि पडद्यावर दुसरंच अशी गत होते.
आणि इनरएचटीएमएल वापरू नको हे मनापासून सांगतोय. नावाच्या खान्यात कुणी टॅग टाइप केला तर तो टॅग म्हणूनच बसतो, टेक्स्टकंटेंटमध्ये तो नुसता मजकूर राहतो.

मिरज_जंक्शन:
वरच्या दादांशी सहमत, फक्त स्टोरेजबद्दल माझं मत वेगळं आहे. लोकलस्टोरेजला एका साइटमागे साधारण ५ एमबीची मर्यादा असते आणि दर वेळी अख्खा अॅरे परत लिहावा लागतो. एका दुकानाच्या नोंदींना चालून जाईल, पण पावत्यांचे फोटोही ठेवायचे झाले तर इंडेक्सडीबीकडे (ब्राउझरमधलाच मोठा डेटाबेस) जा, डेक्सी नावाची लायब्ररी घेतली तर ते सोपं पडतं.
दुसरं, फाइलवर डबल क्लिक करून पेज उघडत असशील तर सावध राहा, त्या पत्त्यावर लोकलस्टोरेज कसं वागेल ते प्रत्येक ब्राउझरचं वेगळं. सगळं प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्टला (म्हणजे पेजच्या पत्त्याच्या सुरुवातीच्या भागाला) बांधलेलं असतं, पोर्ट बदललं तरी टेबल रिकामं दिसतं.

तासगावकर_०७:
दादा एकदम भारी, एक की आणि एक फंक्शन केलं, टेबल आलं! आता दोन अडचणी. काही रांगांत वजनाचा खाना रिकामाच येतोय, खरंतर काकांनी वजन भरलेलं, मी बघत होतो. आणि बॉक्सवर सॉर्ट केलं तर १०० आधी आणि २५ नंतर येतंय.

कृष्णाकाठ:
काका मराठी कीबोर्डवरून टाइप करतात का? म्हणजे १५ असं देवनागरीत? मग तेच कारण. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत, ते एनएएन (म्हणजे 'हा आकडा नाही') देतं, आणि जेसनमध्ये जाताना एनएएनचं नल होतं, टेक्स्टकंटेंटला नल दिलं की सेल कोरा. ना एरर ना काही, म्हणून लवकर सापडत नाही. उपाय असा की नंबर करायच्या आधी ० ते ९ या देवनागरी अक्षरांना रिप्लेसने इंग्रजी आकडे कर, प्रत्येकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की आकडा मिळतो. तरीही एनएएन आलं तर सेव्ह करू नको, काकांना तिथल्या तिथं सांग. कोऱ्या आलेल्या रांगांचं वजन मात्र वहीतून बघून परत भरावं लागेल.
सॉर्टचं म्हणशील तर इनपुटमधून नेहमी स्ट्रिंगच मिळते आणि साधा सॉर्ट तर नंबरसुद्धा अक्षरासारखेच लावतो, म्हणून बॉक्सचा पण नंबर करून ठेव आणि सॉर्टला 'अ वजा ब' असं फंक्शन दे. दाखवताना परत मराठी आकडे हवे असतील तर टूलोकेलस्ट्रिंगला 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) द्यायचं, लाखाचा स्वल्पविराम पण आपल्या पद्धतीने येतो.

हळदपेठ:
थोडं उशिरा आले, पण हे वाचून राहवलं नाही. यात शेतकऱ्यांचा माल आहे, कोणाचे किती बॉक्स हे त्या टेबलवर ठरणार, आणि कुणी ब्राउझरची हिस्टरी साफ करताना साइट डेटावर टिक केली तर सगळं गेलं. सफारीत तर २०२० पासून, सात दिवसांच्या वापरात त्या साइटला हात लावला नाही तर असा डेटा आपोआप काढला जातो. म्हणून टेबलच्या वर 'उतरवून घ्या' असं बटण हवंच. अॅरेचं सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकुराची फाइल) करायचं, त्याचा ब्लॉब (ब्राउझरच्या मेमरीतली फाइल) बनवायचा, डाउनलोडवाली लिंक द्यायची. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी खूण) टाक, नाहीतर एक्सेलमध्ये मणेराजुरी, सावळज सगळ्या नावांचा चुथडा होतो. आणि परत भरता यावं म्हणून जेसनची पण एक कॉपी उतरवायची, रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर. काकांची वही तोवर बंद करू नका.

तासगावकर_०७:
ताई, बटण आज रात्रीच टाकतो. काकांना विचारलं, मराठी कीबोर्डच आहे.