धिंगरीच्या जुन्या पिशव्या चरात टाकून विहिरीचं पाणी साफ होईल का?

उतारावरचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. आमच्या घराच्या वरच्या अंगाला चुलत्यांचा गोठा आहे, पाच-सहा म्हशी, पावसाळ्यात तिथलं शेणामुताचं पाणी चरातून खाली येतं आणि आमची विहीर त्या चराला लागूनच. पाणी तपासायला दिलं तर रिपोर्टात ई. कोलाय (शेणा-विष्ठेतून येणारा बॅक्टेरिया) निघाला. मी शेडमध्ये धिंगरी मशरूम करतो, दोन-तीन तोडे झाले की पिशव्या उकिरड्यावरच जातात. यूट्यूबवर बघितलं की अमेरिकेत मशरूमच्या जाळ्यातून पाणी सोडून बॅक्टेरिया काढतात. मग या पिशव्या फोडून चरात रचल्या तर पाणी पिण्यालायक होईल का? कुणी करून बघितलंय का?

मायक्रोवाला:
पिण्यालायक नाही होणार, हे आधीच सांगतो. पण कल्पना थापेची नाहीये. लाकडात नायट्रोजन अगदी कमी असतो म्हणून लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशा तो बॅक्टेरियातून मिळवतात, कॅनडातल्या जॉर्ज बॅरन यांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं की धिंगरीच्या जातीतली बुरशी बॅक्टेरियाच्या वसाहतींत धागे घुसवून त्या पचवते. धिंगरी सूत्रकृमी पण मारून खाते. त्यात परत धाग्यांचं जाळं गाळणीचं काम करतं ते वेगळंच.

आता आकडा बघा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मशरूमवाले पॉल स्टॅमेट्स यांची कंपनी आणि तिथल्या विद्यापीठाने मिळून लॅबमध्ये स्ट्रोफारिया नावाची बुरशी लाकडाच्या चिपांवर वाढवून त्यातून ई. कोलाय घातलेलं पाणी सोडलं, २०१५ मध्ये पेपर आला. नुसत्या चिपांपेक्षा साधारण २० टक्के जास्त ई. कोलाय निघाला. म्हणजे बुरशीने भर घातली ती एवढीच! आणि पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक सांगतं की १०० मिलीत एकही सापडता कामा नये. २० टक्के आणि हे, यात किती अंतर आहे तुम्हीच बघा.

सिएटलची_सून:
मी त्याच राज्यात राहते म्हणून थोडं लिहिते. इथे ही चर्चा चालते ती पावसाच्या वाहून जाणाऱ्या पाण्याबद्दल, पिण्याच्या नाही. स्टॅमेट्स सांगतात की त्यांच्या शेतावर गुरं होती, खाली खाडी, आणि खाडीत कालवं वाढवतात त्यामुळे पाण्यात कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात येतो तो बॅक्टेरियाचा गट) वाढले की लगेच बोंब होते. त्यांनी ओघळीत लाकडाच्या चिपांवर ही बुरशी वाढवली आणि प्रदूषण खूप घटलं. पण ती एका शेतावरची गोष्ट, शेजारी बुरशीशिवायचा चर ठेवून तुलना केलेली नाही, त्यामुळे त्यातला किती वाटा बुरशीचा आणि किती नुसत्या चिपांचा ते कळत नाही. लॅबमधली २० टक्क्यांची टेस्ट मला त्यापेक्षा जास्त पटते. बाकी बुरशी चिवट आहे बरं का, लॅबमध्ये उणे १५ पासून ४० डिग्रीपर्यंत आणि ओलं-सुकं असं आलटून पालटून करूनही तगली.

पाणीवाला_दादा:
भाऊ, आमच्या गावात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून दोन शब्द. आधी एक सांगा, पिशव्यांतला भुसा निर्जंतुक कसा करता? बरेच जण बाविस्टिन आणि फॉर्मेलिनच्या पाण्यात भिजवतात. तसं असेल तर त्या पिशव्या विहिरीच्या जवळपास पण नको, बुरशीनाशकच विहिरीत जाईल. गरम पाण्यात करत असाल तर गोष्ट वेगळी.

दुसरं म्हणजे कुजलेल्या भुशातून पाणी गेलं की चहासारखं लाल होऊन बाहेर पडतं. ते विहिरीत उतरलं की टीसीएलमधला क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होतो, जंतूंसाठी उरतच नाही. आपण ३३ टक्केवाली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरतो, पण असल्या पाण्यात तेवढ्याने भागत नाही, ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची टेस्ट) पिवळा रंगच येत नाही. म्हणजे पाणी शुद्ध करायच्या नादात आहे ती शुद्धीकरणाची सोय पण बिघडणार. आणि आपल्याकडच्या जुलैत सुटा भुसा चरात टिकतोय होय? पहिल्या झडीतच थेट विहिरीच्या कठड्याला येऊन लागेल.

मायक्रोवाला:
दादा, क्लोरीनचा मुद्दा एक नंबर. अजून एक भर, ओल्या लाकडावर क्लेब्सिएला नावाचा बॅक्टेरिया आपोआप वाढतो आणि फीकल कोलिफॉर्मच्या टेस्टमध्ये तो पण मोजला जातो, त्यामुळे फिल्टर लावल्यावर रिपोर्ट उलटा वाढलेला दिसू शकतो. टेस्ट करायचीच तर फक्त ई. कोलायची मागा.

उतारावरचा_शेतकरी:
भुसा आम्ही बाविस्टिन-फॉर्मेलिनमध्येच भिजवतो 😐 म्हणजे पिशव्यांचा विषय संपला. पण गोठ्याच्या तोंडाशी काही करता येईल का, विहिरीपासून लांब?

पाणीवाला_दादा:
येईल की. पहिलं म्हणजे चराची दिशा बदला, चुलत्यांना चहाला बोलवा आणि विहिरीला वळसा घालून चर खालच्या बांधाकडे न्या, निम्मं काम तिथेच होतंय. शेण पावसात उघड्यावर नको, खड्ड्यावर पत्रा टाका. विहिरीचा कठडा वर घ्या, भोवती सिमेंटचा ओटा करा. तोवर पाणी उकळून प्या आणि टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, टोकाच्या नळाला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी दिसायला पाहिजे. पावडरीची गोणी उघडी ठेवू नका, तिचा दम जातो.

मायक्रोवाला:
आणि हौस असेलच तर त्या वळवलेल्या चरात गोणपाटाच्या पोत्यात सॉ मिलच्या चिपा भरून, गरम पाण्यात काढून, त्यावर धिंगरीचं स्पॉन (बियाणं) लावा. बारीक भुसा नको, पाणी तुंबतं आणि बाजूने निघून जातं. शेजारी तशाच चिपांची बिनस्पॉनची पोती पण ठेवा आणि दोन्हींच्या खालचं पाणी तपासा. आकडे आले की इथे टाका, आम्हालाही बघायचेत.